तिळाचे अनारसे

“खसखस नाही म्हणजे नाही, मामी. एक दाणासुद्धा नको.”

फोन मी परातीला टेकवून ठेवला होता आणि हात मनगटापर्यंत पिठात होते. पलीकडून बोलत होते आमचे जावई, रणधीरराव घोरपडे, मुक्काम शारजा.

“अहो, अनारसा आहे तो,” मी म्हटलं. “त्याला खसखस नाही लावायची तर काय लावायचं, पावडर?”

“नुसते तळा. पण खसखस नको. इथं ती अफूतच धरतात. सापडली तर सरळ पोलीस.”

“वाण घेऊन आलेल्या सासूला पोलीस?”

“सासूला आणि जावयालाही. तुमचा व्हिसा माझ्या नावावर काढलाय. तुमच्या पिशवीत जे निघेल ते माझ्या गळ्यात पडणार. नोकरी तर जाईलच, वर आत बसायची पाळी.”

मागून सुलीचा, माझ्या लेकीचा आवाज आला. “आई, जन्मात एकदा तरी कुणाचं तरी ऐक गं.”

“ऐकलं,” मी म्हटलं. “ठेवा आता. पीठ कोरडं पडायला लागलंय.”

ऐकलं म्हणजे खरंच ऐकलं. माझ्या जिभेला धार आहे हे दौंडपासून फलटणपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी आडमुठी नाही. माझ्या घरात कुणी चपला घालून देवघरापुढनं गेलं तर मी त्याला त्याचं अख्खं कूळ आठवायला लावते. मग दुसऱ्याच्या मुलखात जाऊन ‘आमच्यात असंच असतं’ म्हणायला मला तोंड कुठलं? एवढं कळायला शाळा लागत नाही. मी दुसरीतनं काढलेली आहे, तरी कळतं.

सुलीच्या लग्नानंतरचा तो पहिला धोंड्याचा महिना. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून जेवू घालायचं आणि जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. रणधीररावांना रजा मिळेना. माझा मुलगा म्हणाला, “पुढच्या धोंड्याला देऊ.” पुढचा धोंडा तीन वर्षांनी. मी म्हटलं, जावई येत नाही तर वाण जाईल. आणि त्या साली गंमत अशी की ज्या अमावस्येनंतर आमचा अधिक महिना लागला, तिच्याच मागोमाग तिकडं रमजान लागला. उपास आमचाही, त्यांचाही, आणि चंद्र एकच.

बाकीचंही रणधीररावांनी बजावून ठेवलं होतं. गोळ्या न्यायच्या तर डॉक्टरची चिठ्ठी हवी. बायकांचे फोटो काढायचे नाहीत. रमजानात दिवसाउजेडी रस्त्यात खायचं-प्यायचं नाही. दुसऱ्याचं सामान घ्यायचं नाही. हे शेवटचं मी इतकं पाळलं, की शेजारच्या सगुणाबाईनं ‘माझ्या भाच्याला एवढं द्या’ म्हणून शिवलेली पुडी आणली ती उंबऱ्यातनंच परत केली. “उसवून दाखव, नाहीतर टपालानं पाठव,” म्हटलं. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. न बोलू दे.

अनारशांना मी पांढरे तीळ लावले. चांगले धुतलेले, वाळवलेले. जाळी अशी पडली की आरपार दिवा दिसावा, आणि तुपात एकही हसला नाही. अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून फुटला, की करणारीचं तोंड उतरतं. माझं कधी उतरलेलं नाही.

माझ्याबरोबर येणार होत्या विहीणबाई. मालनबाई, रणधीररावांच्या आई. नवरा लवकर गेला, एकुलत्या एका पोराला शिवणकाम करून वाढवलं, हे सगळं ऐकून होते. पण बाई म्हणजे चालताबोलता होकार. लग्नात मानपान कसा झाला विचारलं तर “छान झाला.” भाजीत मीठ पडायचं राहिलं होतं तर “छान झालीय.” कुणाच्या वर आवाज नाही, कुणाच्या मधे शब्द नाही. लोक म्हणायचे, गजराबाई, नशीब काढलं सुलीनं, सासू गाय मिळाली. मी मनात म्हणायचे, गाय घेऊन काय करू? उद्या नवऱ्यानं आवाज चढवला, तर माझ्या पोरीच्या बाजूनं उभी कोण राहणार? ही तर स्वतःच्या बाजूनंसुद्धा उभी राहत नाही.

आदल्या दिवशी त्या माझ्याकडं मुक्कामाला आल्या. सकाळी तिथूनच मुंबईची गाडी ठरवली होती. मी डबा भरत होते, तेव्हा वाकून बघितलं.

“तीळ लावलेत?”

“हो. खसखस तिकडं चालत नाही. तुमच्याच लेकानं सांगितलंय.”

“मलाही म्हणाला होता.” मग जरा थांबून, “पण तीळ म्हणजे... पितरांना...”

“ते काळे. हे पांढरे. संक्रांतीला तुम्ही काय खसखशीचे लाडू वाटता?”

“नाही, तेही खरंच,” म्हणाल्या.

विषय संपला, असं मला वाटलं.

विमानात मालनबाई सगळा वेळ डोळे मिटून बसल्या होत्या आणि मी खिडकीतून समुद्र बघत होते. दुपारी उतरलो. काय ती लादी, आपलं तोंड दिसावं अशी. एवढी माणसं, पण ढकलाढकली नाही, कुणी कुणाच्या अंगावर नाही. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि आत काम करणारी निम्मी माणसं सकाळपासून पाण्याच्या थेंबाशिवाय उभी होती. कुणाच्या कपाळावर आठी नाही. मी स्वतः महिनाभर एकवेळ जेवत होते, त्यामुळं उपाशी माणसाची चिडचिड मला कळते. ती तिथं दिसली नाही, हे मी मनात नोंदलं.

सामान यंत्रातून घालायचं होतं. मालनबाईंच्या बॅगा पुढं होत्या, त्या गेल्या. त्यांना हातानं ‘जा’ म्हणून खूण झाली. माझी बॅग गेली. मग माझा डबा, फडक्यात बांधलेला. यंत्र थांबलं.

तिथं एक बाई होती. तिशीची असेल. काळा पायघोळ झगा, डोक्याला घट्ट बांधलेलं वस्त्र, छातीवर सरकारी बिल्ला. ओठ सुकलेले, पाठ मात्र ताठ. मला तिची पाठ आवडली. हिंदी तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलत होती.

“अम्मा, इस डिब्बे में क्या है?”

“मिठाई है. दामाद के वास्ते. हमारा रिवाज है.”

“खोलिए.”

मी फडक्याची गाठ सोडली, ती मान वर करूनच. बघ बाई म्हटलं, लपवण्यासारखं माझ्याकडं काही नाही. झाकण काढलं आणि हात तिथंच राहिले.

वरच्या थराला खसखस होती. मळकट पांढरी, बारीक, चांगली गच्च लावलेली.

ते अनारसे माझे नव्हतेच. आपल्या हातचा अनारसा बाई अंधारातसुद्धा ओळखते. माझ्या अनारशाचा काठ पातळ, जाळी मोठी. हे काठाला जाड, मधे बसके, पीठ पुरतं मुरू न देता घाईनं केलेले. आणि आदल्या दिवशी माझ्या घरात बाहेरची बाई एकच होती.

मी मान वळवली. मालनबाई सरकत्या काचेच्या दारापाशी पोचल्या होत्या. दार उघडलं की पलीकडे कठड्याला टेकलेले रणधीरराव दिसत होते, आणि शेजारी टाचा उंच करून हात हलवणारी सुली.

त्या बाईनं हातमोजा चढवला, एक अनारसा उचलून नाकाजवळ नेला. “ये खसखस है?”

“है.”

“यहाँ मना है. आपको पता था?”

“मना है, वो पता था. डिब्बे में है, वो नहीं पता था.”

“डिब्बा किसका है?”

“मेरा.”

“फिर किसने रखा?”

एका वाक्याचं काम होतं. ‘वो बाई उधर खडी है, उसने.’ मी सुटले असते. पण ते वाक्य म्हणजे माझ्या लेकीच्या सासूला परक्या मुलखात सरकारच्या हवाली करणं. त्यानंतर सुलीनं त्या घरात कुणाच्या तोंडाकडं बघून जेवायचं?

“अम्मा, मैं पूछ रही हूँ. किसने रखा?”

मी सोडलेल्या फडक्याची घडी घालत राहिले.

“चुप रहने से आपकी मुश्किल बढ़ेगी.”

“बढ़ने दो.”

माझ्या मागे रांगेत एक पोट सुटलेला गृहस्थ उभा होता, बोलण्यावरून आपल्याकडचाच. तो हळूच म्हणाला, “काकू, रडायला लागा. म्हातारी बघून सोडून देतील.”

“म्हातारी तुझी सासू,” मी म्हटलं. “आणि रडायला मी काय कुणाचं घर फोडलंय?”

त्या बाईनं दुसऱ्या एकाला हाक मारली, डब्याकडं बोट केलं, अरबीत काही सांगितलं. मला बाजूच्या खोलीत नेणार होते. डोळ्यांपुढं तुरुंग नव्हता, रणधीरराव होते. व्हिसा त्यांच्या नावावर. दोन वर्षांचा संसार, नवं भाड्याचं घर, सगळं माझ्या डब्यामुळं रस्त्यावर.

तेवढ्यात मालनबाईंनी मागं बघितलं.

डबा उघडा दिसला. हातमोजा दिसला. काय झालंय ते त्यांना क्षणात कळलं, हे मला इतक्या लांबून दिसलं. काचेचं दार उघडंच होतं. पलीकडून रणधीरराव ‘ये, ये’ म्हणून हात करत होते. एक पाऊल टाकलं असतं तर त्या लेकापाशी होत्या. त्यांच्या बॅगेत काही नव्हतं, त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मला वाटलं, चालली. गाय ती गाय, आता गोठ्यात जाईल.

त्यांनी सामानाची गाडी तिथंच सोडली आणि उलट फिरल्या.

दारावरच्या शिपायानं आडवा हात केला, “मैडम, वापस नहीं.” त्याच्या हाताखालून वाकून त्या आल्या. पदर खोचलेला, तोंड पांढरं पडलेलं. आल्या आणि त्या बिल्लेवाल्या बाईपुढं उभ्या राहिल्या.

“वो मैंने डाला,” म्हणाल्या.

आवाज कापत होता, पण एवढा मोठा होता की सगळी रांग वळून बघायला लागली. मालनबाईंचा आवाज एवढा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

“विहीणबाई, गप बसा,” मी म्हटलं. “तुमचा काही संबंध नाही. बाहेर जा, पोरं थांबलीत.”

“नाही जाणार.”

“जा म्हणते ना!”

“गजराताई, तुमचं पुढं जन्मभर ऐकेन. आत्ता नाही.”

“क्या बोल रही हैं ये?” त्या बाईनं मला विचारलं.

“कुछ नहीं. उसको गर्मी लगी है.”

“गर्मी नहीं लगी,” मालनबाई म्हणाल्या. “इनको कुछ मालूम नहीं. ये सुबह पूजा में बैठी थीं. तब मैंने ऊपर के निकाले, और मेरे घर से लाए थे वो रखे. गुनाह मेरा है. इनको जाने दो.”

“आपको पता था कि मना है?”

“बेटे ने बोला था. मुझे लगा, कच्ची मना होगी, पुड़िया में. घी में तलने के बाद उसमें क्या रहता है?”

“तो छुपाकर क्यों रखा?”

मालनबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि एकदम मराठीवर आल्या. “खसखस नाही म्हटल्यावर थोडे घरनंच घाईनं करून आणले होते, त्यात तिळाचं वाण बघून मनाला लागलं हो. एकुलता एक आहे, पहिला धोंडा. काही वाईट-वंगाळ झालं म्हणजे? सांगणार होते तुम्हाला. पण तुम्ही...”

“मी काय?”

“तुम्ही बोलता ना.”

ती बाई माझ्या तोंडाकडं बघत होती. कुणीतरी सांगायला हवंच होतं. “बोलती है, उसको मेरा डर लगता है,” मी म्हटलं.

तिच्या सुकल्या ओठांवर पहिल्यांदा हसू आलं. “अम्मा, डर तो मुझे भी लग रहा है.”

मग हसू पुसून ती म्हणाली, “इस जगह पर सब एक ही बात बोलते हैं, मेरा नहीं है. आप दोनों झगड़ रही हैं कि मेरा है. पर कानून है. मैं ऐसे छोड़ नहीं सकती. बड़े साहब आएँगे.”

“छोड़ने को किसने बोला?” मी म्हटलं. “तुम तुम्हारा काम करो. बराबर करो.”

आम्हाला बाजूच्या खोलीत नेलं. खुर्च्या दिल्या. दंडाला धरलं नाही, आवाज चढवला नाही. आपल्याकडं एखाद्या कचेरीत साधा दाखला काढायला गेलं तरी माणसाला गुन्हेगारासारखं ताटकळत ठेवतात. इथं आम्ही पकडलेल्या बायका, आणि आम्हाला टेकायला उशी विचारली. तिनं नावही सांगितलं, मरियम. थोड्या वेळानं ती पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आली.

“दरवाज़ा बंद है. यहाँ पी सकती हैं. बाहर रमज़ान में नहीं.”

मालनबाईंनी घेतली. मी हात मागं घेतला.

“आप नहीं पिएँगी?”

“मेरा भी महीना चालू है. दिन में एक बार खाना.”

“पानी भी मना है?”

“पानी चलता है. लेकिन तुम सुबह से प्यासी खडी है, और मैं तुम्हारे सामने गटागट पिऊं? वो अपने को नहीं जमता.”

तिनं स्वतः झाकण उघडून बाटली माझ्या हातात दिली. “हमारे यहाँ मुसाफ़िर को छूट है, अम्मा. पी लीजिए.”

मी प्याले.

ती बाहेर गेल्यावर मालनबाईंचा बांध फुटला. “रणधीरचं काय होईल हो? मी माझ्या हातानं पोराचं...”

“आता रडू नका. रडायचं होतं तर मघाशी रांगेतला एक ढेरपोट्या मला रडा म्हणत होता, तेव्हा यायचं रडायला.”

“मला एकटीलाच ठेवतील ना? तुम्हाला सोडतील?”

“तुम्हाला एकटीला ठेवलं तर तुम्ही तोंडच उघडणार नाही. त्यांना वाटेल मुकी आहे. मी बसते बरोबर.”

रडता रडता त्या हसल्या, आणि मग परत रडल्या.

साहेब आले. करड्या दाढीचे, शांत. मरियम उभी राहिली आणि सगळं सांगायला लागली. अरबी मला काय कळणार? पण बोट कळतं. हिनं ठेवलं. हिला माहीत नव्हतं. ही त्या दारातून आपण होऊन परत आली. एक गोष्ट गाळली नाही, आमच्या बाजूनं एक गोष्ट वाढवली नाही. मी गावात पंचायतीच्या साक्षी ऐकल्यात; नात्यागोत्याची माणसं इतकी सरळ साक्ष देत नाहीत. ही तर आम्हाला पकडणारी.

साहेबांनी मालनबाईंना मरियमकडून विचारलं, आणखी काही आहे का? बाईंनी पर्स टेबलावर पालथी केली. सुनेसाठी घेतलेली कुंकवाची डबी, जपमाळ, साखरेच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठी बघून साहेबांनी मान हलवली. आमच्या सगळ्या बॅगा आणवल्या, एकेक कपडा झटकून बघितला. डब्यातले खालचे अनारसे बाहेर काढून तपासले. तीळ तो तीळच निघाला.

बराच वेळ गेला. शेवटी साहेब बोलले आणि मरियमनं आम्हाला सांगितलं. “खसखस वाले हम ज़ब्त करेंगे. आपने खुद आकर सच बोला, खाने की चीज़ थी, थोड़ी थी, साहब ने वो देखा है. इस बार चेतावनी. पर नाम लिख लिया है. अगली बार केस होगा, उमर नहीं देखी जाएगी.”

मालनबाईंनी तिथंच हात जोडले. मी साहेबांना म्हटलं, “बरोबर किया.” आणि ते मनापासून म्हटलं. आमच्या वयाकडं बघून सोडलं असतं तर मला आवडलं नसतं.

डब्याची गाठ मरियमनंच बांधली. मी म्हटलं, एक अनारसा काढून ठेव, संध्याकाळी उपास सोडताना खा.

“ड्यूटी पर कुछ नहीं ले सकती, अम्मा. एक टुकड़ा भी नहीं.”

माझ्या हातचा अनारसा आजवर कुणी नाही म्हटलेला नाही. हिनं म्हटलं. एरवी मी अशा माणसाला दारात परत उभं केलं नसतं. त्या दिवशी मात्र मला वाटलं, ही पोर ज्या आईनं वाढवली तिला एकदा बघायला पाहिजे.

बाहेर रणधीरराव आणि सुली उभ्या उभ्या अर्धे झाले होते. “काय झालं? इतका वेळ?” मी मालनबाईंना डोळ्यांनी खुणावलं, काही बोलू नका. रणधीररावांना म्हटलं, “तपासणी होती. त्यांचं काम त्यांनी केलं.”

गाडीत बसलो. रणधीरराव चालवायला, शेजारी त्यांची आई, मागे मी आणि सुली. गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि मालनबाई म्हणाल्या, “रणू, तपासणी नव्हती. माझी चूक होती.” आणि सगळं सांगून टाकलं, खालच्या मानेनं, एकही शब्द न गाळता.

रणधीररावांचे कान लाल झाले. “आई, कळतं का तुला काही? फोनवर दहा वेळा सांगितलं! माझं सगळं संपलं असतं आज! शेवटी अडाणी ते अडाणीच!”

मालनबाई खिडकीकडं बघायला लागल्या. सुलीनं माझा हात घट्ट धरला, म्हणजे मी गप्प बसावं म्हणून. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. सासूनं त्याला उलट बोलायचं नसतं. माझी आई कधी बोलली नाही, मीही बोलले नव्हते.

“आवाज खाली घ्या, रणधीरराव,” मी म्हटलं.

“मामी, तुम्हाला माहीत नाही—”

“मला सगळं माहीत आहे, मी तिथं होते. तुम्ही काचेपलीकडे होता. चूक झाली ती झालीच, कायदा मोडला तो मोडलाच, त्याला मी चांगलं म्हणत नाही. पण दार उघडं होतं. तुम्ही हात करत होता. एक पाऊल टाकलं असतं तर त्या तुमच्यापाशी आणि मी कोठडीत. कुणाला कधी कळलं नसतं. त्या मागं फिरल्या, शिपायाच्या हाताखालनं वाकून आत आल्या. तुम्ही इतके शिकलेले आहात, तुम्ही आला असता का, ते मला नका सांगू, तुमचं तुम्हाला विचारा. गाडी बाजूला घ्या आणि आधी आईच्या पाया पडा. नाहीतर हे वाण मी परत घेऊन जाते.”

मग रणधीरराव बारीक आवाजात म्हणाले, “इथं कुठंही गाडी थांबवता येत नाही, मामी. दंड आहे.”

“मग घरी गेल्यावर पडा. कायदा मोडू नका.”

सुली तोंडाला पदर लावून हसली. पण घरी पोचल्यावर बूट काढायच्याही आधी ते दारातच वाकले. मालनबाई “असू दे, असू दे” म्हणत मागं सरकत होत्या, आणि ते उठायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाण मांडायला बसले. जप्त झालेले वजा जाता तेहेतीस काही भरत नव्हते. सुली आंघोळीला गेली होती, रणधीरराव फुलं आणायला. मालनबाई ताटाशी येऊन बसल्या.

“कमी पडतात,” त्या म्हणाल्या. “बत्तासे लावून आकडा पुरा करायचा का?”

“नको. आहेत तेवढे द्यायचे.”

“तिळाचे?”

“तिळाचे.”

“छान दिसतात,” म्हणाल्या. या खेपेला ते नुसतं म्हणायचं म्हणून नव्हतं. मग एक अनारसा ताटात नीट ठेवत त्यांनी विचारलं, “गजराताई, डबा उघडल्या उघडल्या तुम्हाला माझं काम कळलं होतं ना?”

“तुमच्या अनारशाचा काठ बघून कोणालाही कळेल.”

“मग माझं नाव का नाही सांगितलंत?”

“माझी लेक तुमच्या हाताखाली आहे. सांगेन कशी?”

“म्हणजे भीतीनं गप्प बसलात?”

“भीतीनंच. लेक कुणाच्या घरात दिलीय हे मला तोवर कुठं माहीत होतं?”

त्या हसल्या नाहीत. ताट माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, “आणि आता?”

“त्या दारातनं तुम्ही उलट फिरलात,” मी म्हटलं, “तेव्हा कळलं.”